चांगुणाआत्याचा तीसचा प्लॅन

आमची चांगुणाआत्या बोलकी आहे हे आमच्या घराला कळलं, तेव्हा ती पन्नाशीला टेकली होती.

तोवर सगळी वस्ती तिला मुकीच म्हणायची. त्यात कुणाच्या मनात वाईट नसायचं. "मुकीकडं ब्लाउज टाकलाय", "मुकीच्या हाताला लई सफाई हाय", असं आपलं येता-जाता. लहान असताना तापात तिचे कान गेले, आणि कानामागून जीभही हळूहळू गेली. सोनईच्या अलीकडं, मुळा कालव्याच्या चारीला धरून आमची वस्ती आहे. घरात दादा म्हणजे माझे वडील सूर्यभान, आई, माझा धाकटा भाऊ रविराज आणि मी, निकिता. चांगुणाआत्या ही दादांची धाकटी बहीण. तिचं लग्न झालं नाही. पडवीच्या टोकाला तिचं शिलाई मशीन. आजूबाजूच्या वस्त्यांवरच्या बायकांचे ब्लाउज, पोरींचे शाळेचे ड्रेस, आणि अमावास्या जवळ आली की शिंगणापूरच्या दुकानदारांसाठी काळ्या कापडाच्या पिशव्या. मान खाली, पाय मशीनवर, दिवस मावळेपर्यंत.

तिच्याशी बोलायला घरात ठरलेल्या खुणा होत्या. घास तोंडाशी नेला की जेवायला चल. दोन्ही मुठी आळीपाळीनं खाली ओढल्या की धार काढायची. डोक्यावर टोपी ठेवल्यासारखं केलं की दादा. पाऊस, झोप, पाहुणे, दवाखाना. एवढ्यावर आमचं सगळं नीट चालायचं.

लहानपणी काही वर्षं ती नगरला मूकबधिर मुलांच्या शाळेत होती, तिथल्याच वसतिगृहात राहायची. आजी अंथरुणाला खिळली तेव्हा आजोबांनी तिला घरी आणलं, ते कायमचं. त्या शाळेबद्दल ती कधी कधी काही सांगू बघायची. हात भराभर फिरायचे, बोटं एकमेकांत गुंतून सुटायची, भुवया वर जायच्या. आम्ही हसून मान डोलवायचो. मग ते हात मांडीवर येऊन गप्प बसायचे. लिहायला म्हणावं तर मापं आणि नावं सोडून तिला फारसं लिहिता येत नाही. लहानपणीच कानाआड झालेली भाषा कागदावर तरी कशी उतरणार?

मी सोनईच्या एका शाळेत शिकवते. मागच्या हिवाळ्यात कामासाठी नगरला गेले होते आणि माळीवाडा स्टँडवर परतीच्या गाडीची वाट बघत होते. समोरच्या बाकावर एक तरुण मुलगी बसली होती. तिनं मोबाईल बॅगेला टेकवून उभा केला होता आणि त्याच्याकडे बघून दोन्ही हातांनी काहीतरी सांगत होती. पलीकडच्या चित्रातला मुलगाही तसेच हात करत होता. आधी मी नुसतीच बघत राहिले. मग एकदम लक्षात आलं, हे तर आत्याचे हात! शाळेबद्दल सांगताना ती करते तसेच, तेवढेच भराभर. फरक एवढाच, की इथं समोरून उत्तर येत होतं.

तिचं बोलणं संपल्यावर मी जवळ गेले आणि मोबाईलवर टाइप करून दाखवलं, "माझ्या आत्याला ऐकू येत नाही. ती इथंच नगरला शाळेत होती. फार वर्षांपूर्वी."

मुलीनं माझ्या हातातून मोबाईल घेतला. तिचं नाव आरती. तीही त्याच शाळेत शिकलेली, आत्याच्या पुष्कळ नंतर. तिनं लिहिलं, "आमचा जुन्या मुलांचा ग्रुप आहे. आत्याचं खुणेचं नाव काय?"

मला प्रश्नच कळला नाही. तेव्हा तिनं समजावलं, की बहिऱ्या माणसांमध्ये प्रत्येकाला हातानं घ्यायचं एक नाव असतं. ते शाळेतले सवंगडी देतात आणि जन्मभर तेच राहतं. माझ्या आत्याला असं एक नाव असेल आणि आमच्या घरात ते कुणालाही माहीत नसेल, या विचारानं मी एसटीत बसल्यावरही भानावर नव्हते.

घरी येऊन आरतीचा एक छोटा व्हिडिओ आत्यापुढं धरला. आरतीनं त्यात विचारलं होतं, तू कोण, कुठली, कुणाबरोबर होतीस. आत्यानं तो पुन्हा पुन्हा बघितला. मग पदर सावरून ताठ बसली आणि मला खूण केली, हं, चालू कर. तिनं डाव्या हाताच्या अंगठ्याशी सुई टोचल्यासारखं केलं. ते तिचं नाव होतं, हे मला आरतीनं नंतर सांगितलं. मग बराच वेळ हात चालले. शेवटी तिनं स्वतःच्या कानाची पाळी चिमटीत धरून हलकेच पिळली आणि भुवया उंचावून माझ्याकडे, म्हणजे मोबाईलकडे, बघत राहिली.

दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. आत्या मशीनवर होती. मी मोबाईल तिच्यासमोर धरला. पडद्यावर एक गोल चेहऱ्याची, केस पिकलेली बाई आली. तिनं कानाची पाळी पिळली. मग डाव्या अंगठ्याशी सुई टोचली, आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागली. आत्याचे हात कापडावरच थांबले. पाय मात्र चालतच राहिला आणि सुई एकाच जागी टोचत राहिली. कापडाला तिथं भोक पडलं.

ती मुक्ता होती. मूळची नेवाशाची, आता सुरतेत. नवराही बहिरा, दोघं साड्यांच्या कारखान्यात कामाला. वसतिगृहात दोघींच्या गाद्या शेजारी होत्या. आत्याला घरी आणलं तेव्हा मुक्ता सुट्टीत गावाला गेली होती. दोघींची गाठ पडलीच नव्हती, आणि पत्ता एकीकडेही नव्हता.

मग फोनवरून बोलणं सुरू झालं, आणि तिथंच अडलं. आमच्या वस्तीवर मोबाईलची रेंज म्हणजे पाहुण्यासारखी. आली तर आली. पाण्याच्या टाकीवर चढलं की जरा बरी मिळते. आत्या साडीचा काष्टा खोचून टाकीवर चढायची. पण चित्र आलं की मुक्ताचे हात पडद्यावर फासल्यासारखे दिसायचे, चिखलात रेघोट्या ओढाव्यात तसे. मध्येच सगळं थिजायचं. मुक्ताचा एक हात हवेत, तोंड अर्धं उघडं, आणि आत्या त्या थिजलेल्या हाताकडे बघत उभी.

तेव्हा मला एक गोष्ट कळली. आपलं चित्र अडकलं तरी आवाज येत राहतो. "ऐकू येतंय, बोल," म्हणून आपण पुढं जातो. आत्याला चित्र हाच आवाज. ते अडकलं, की बोलणाऱ्याच्या तोंडात कुणी बोळा कोंबल्यासारखं.

एका संध्याकाळी ती टाकीवरून उतरली ती थेट दादांच्या समोर येऊन उभी राहिली. मोबाईल दाखवला, हातांनी चिखल कालवल्यासारखं केलं, मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवून मशीनकडं दाखवलं. मी देते, माझ्या शिलाईतून देते. पण हे नीट करा.

"मोबाईलात रोजचं नेट उरतंय की," दादा मला म्हणाले. "पुन्हा घरात येगळं कशापायी?"

"दादा, उरतंय, पण पोहोचत नाही," मी म्हणाले.

रविराज मात्र एकदम खूश झाला. "घ्यायचं तर दांडगंच घ्या. तीनशेच्या स्पीडचा प्लॅन घ्या. म्याच कशी पळती बघा मग."

सोनईचा गोरक्ष केबलवाला पूर्वी घरोघरी टीव्हीची केबल द्यायचा, आता काचेच्या तारेवरून नेट देतो. तो प्लॅनचा, म्हणजे नेटच्या वेगांचा, छापील कागद घेऊन आला. दहा, तीस, पन्नास, शंभर, तीनशे. रविराजनं तीनशेवर बोट ठेवलं. गोरक्षचा त्यात फायदाच होता. पण त्यानं आधी घर बघितलं, माणसं बघितली आणि चहाची बशी खाली ठेवून दादांना विचारलं,

"नाना, तुमची मोटर केवढ्याची?"

"पाचाची. का रं?"

"मंग कालव्याचं आख्खं पानी चारीत सोडलं तर तुमच्या कांद्याला जास्ती मिळंल का?"

"कसं मिळंल? मोटर वढंल तेवढंच. बाकीचं वाहून जाईल."

"हे बी तसंच हाय. आकडा म्हंजी चारीची रुंदी. तुमच्या घरात टीव्ही एक, मोबाईल तीन-चार, निकिताताईंचा लॅपटॉप. हे सगळे एकदम वढाय लागले तर किती लागतं, तेवढं बघायचं. तीनशे घेतलं तर वाईट न्हाई, पर त्यातलं बरंचसं वाहूनच जाईल."

दादांनी मान हलवली. इंटरनेट हा शब्द त्यांच्या कपाळावर नेहमी एक आठी आणायचा. ती त्या दिवशी पहिल्यांदा सुटली. पण आत्याला हे सगळं मी कसं सांगणार? मी चारी दाखवली, मोबाईल दाखवला, बोटं मोजली. मग तिनं स्वतःच्या डोळ्यांकडं बोट नेलं. मला बघू दे.

म्हणून रविवारी आम्ही तिघं, मी, आत्या आणि रविराज, माझा लॅपटॉप घेऊन सोनईला गोरक्षच्या दुकानात गेलो. त्याच्याकडं सगळ्या वेगांची सोय होती. कॉम्प्युटरवरून तो कमी-जास्त करू शकत होता. मुक्ताला आधीच सांगून ठेवलं होतं. फोन लागला. गोरक्षनं शंभर लावले. मुक्ताची बोटं स्वच्छ दिसली, नखांवरची फिकी झालेली मेंदीसुद्धा. आत्या पुढं वाकून, सुईत दोरा ओवताना बघते तशी बघत होती. पन्नास केले, काही फरक नाही. तीस केले, तरी तेच. गोरक्षनं दहा केले. तरीही मुक्ताचे हात सुरळीत.

"अरेच्चा," गोरक्ष म्हणाला, "आत्याबाईंला दहाचा बी पुरतोय की. स्वस्तात काम."

मलाही तसंच वाटलं. मी पर्स उघडली. पण आत्या खुर्चीवरून उठली. तिनं दुकानातला टीव्ही चालू करायला लावला. रविराजच्या खिशातला मोबाईल काढून त्याच्या हातात दिला आणि बॅट फिरवली: तुझी म्याच लाव. माझ्याकडं वळून हवेतच टाइप केल्यासारखी बोटं चालवली: तू तुझा लॅपटॉप उघड. आमच्या घरात संध्याकाळी जसं सगळं एकदम चालतं, तसं तिनं त्या दुकानात मांडलं आणि मग जाऊन मुक्तासमोर बसली.

आता दहावर मुक्ताचे हात तुटायला लागले. एक खूण अर्धी, पुढची गायब. तिकडून मुक्तानंही हाताची सुरी करून दुसऱ्या हातावर मारली: तूही तुटतेस. गोरक्ष पुढं सरकला. "व्हय, ह्ये ध्यानातच न्हाई आलं माझ्या. आपल्याला येनारं चित्र दिसतं, जानारं दिसत न्हाई. त्या दहाच्या प्लॅनला जानारं अजून कमी ठिवलेलं असतं. तीसला दोन्हीकडून सारखं हाय."

त्यानं तीस केले. टीव्ही चालू, म्याच चालू, माझा लॅपटॉप चालू, आणि मुक्ताचे हात पुन्हा अख्खे. मग शंभर करून बघितले. आत्यानं बराच वेळ डोळे बारीक करून बघितलं आणि खांदे उडवले. तेच.

"आत्याला शंभरचाच घ्या, पुढं लागंल," रविराजनं शेवटचा प्रयत्न केला. मी तिला दाखवलं, की शंभरला दर महिन्याला आणखी एक-दोन ब्लाउज शिवावे लागतील. तिनं रविराजच्या पाठीवर थोपटलं, हवेत सुई टोचली आणि त्याच्या छातीवर बोट ठेवलं. जास्तीचे तू शीव. गोरक्ष एवढा हसला, की त्याला खुर्ची धरावी लागली. तीसचा प्लॅन ठरला.

तार आली तो दिवस मला अजून डोळ्यांपुढं दिसतो. गोरक्ष शिडी घेऊन आला. डांबरी रस्त्याच्या खांबापासून उसाच्या कडेकडेनं, आमच्या बांधावरच्या लिंबाला आधार घेत त्यानं तार पडवीपर्यंत ओढली. मग खाली बसून तो तिचं टोक सोलायला लागला. वरचं काळं आवरण काढलं. आतलं पांढरं काढलं. त्याच्या आत निळा पातळ थर, तोही खरवडून काढला. उरला तो केसापेक्षा बारीक धागा.

धागा म्हटल्यावर आत्या मशीन सोडून उठली. जन्म दोऱ्यात गेलेली बाई. ती गोरक्षच्या समोर उकिडवी बसली आणि डोळ्यांनीच विचारलं, हे काय?

"काच," गोरक्ष म्हणाला. मी खिडकीची काच दाखवली, तिच्या नाकावरचा चष्मा दाखवला, आणि मग तो धागा. आत्यानं मान जोरात हलवली. छट्. काच कुठं वाकते का? गोरक्षनं एक तुकडा बोटाभोवती वळवून दाखवला. तिनं हात पुढं केला तर त्यानं तुकडा लगेच बाटलीत टाकला. "हात नगा लावू. काट्यावानी घुसतं, वर दिसत बी न्हाई."

मग तो तपासायचा लाल दिवा घेऊन रस्त्याच्या खांबापाशी गेला. जाताना रविराजला बजावून गेला, की टोक डोळ्यासमोर धरायचं नाही, तळहातावर धरायचं. थोड्या वेळानं त्याचा फोन आला, "आलं का?"

रविराजच्या तळहातावर लाल ठिपका उमटला होता. कुंकवाचं बोट टेकवावं तसा.

आत्यानं तो बघितला. तिनं रविराजचा हात बाजूला करून स्वतःचा तळहात धरला. ठिपका तिच्या हातावर आला. तिनं हात खाली-वर केला, वळवला. मग मान वर करून तारेकडं बघितलं. पडवीतून लिंबाकडं, लिंबावरून उसावर, उसावरून पार रस्त्याकडं. आणि ती उठून चालायला लागली. तारेखालून, वर बघत, बांधाबांधानं थेट खांबापर्यंत गेली. तिथं गोरक्षच्या हातातला तो पेनाएवढा दिवा बघितला, त्यानं तो बंद करून पुन्हा लावून दाखवला. आत्या तशीच तारेखालून परत आली. तिचा चेहरा मी कधी तसा बघितला नव्हता. देवळातून आलेल्या माणसाचा असतो, तसा. तिनं दादांना धरून आणलं, त्यांचा तळहात उघडला आणि त्यावर ते टोक धरलं.

"आयला," दादा म्हणाले. "दोऱ्यातनं उजेड."

संध्याकाळी धारा झाल्या आणि आत्यानं मोबाईल मशीनच्या फळीवर तेलाच्या डबीला टेकवून उभा केला. मुक्ता आली. स्वच्छ, समोर बसल्यासारखी. दोघींनी आपापली नावं घेतली, एक सुईचं, एक कानाचं. आणि वीज गेली.

आई कपाळाला हात लावून हसायला लागली. आत्या मोबाईलकडे बघत हलायलाच तयार नाही. रविराजनं पळत जाऊन फवारणीच्या पंपाची बॅटरी आणली, पण ती कशी जोडायची ते त्याला येईना. तेवढ्यात वीज परत आली. पुढं गोरक्षनं नेटच्या डब्याला एक छोटी बॅटरी बसवून दिली. पण त्या संध्याकाळी आम्ही सगळे छताच्या दिव्याकडं डोळे लावून बसलो होतो.

मग जे सुरू झालं ते मी कसं सांगू? आत्याचे हात सुटले. इतकी वर्षं कापडाच्या कडेकडेनं चालणारे ते हात हवेत उसळले. बोटं पळत होती, थांबत होती, वळत होती. नुसते हात नाहीत. खांदे, भुवया, गाल, सगळं बोलत होतं. ती चिडली, गयावया केली, कुणाची तरी ऐट दाखवली, मध्येच पोट धरून हसली. तिचं हसणं आम्ही ऐकलंच नव्हतं कधी. जाड, मोकळं, घशातून आलेलं, अगदी आजोबांसारखं. दादा पायरीवर बसले होते, ते दचकून वळले.

"काय म्हनती ती?" त्यांनी मला विचारलं.

"मला नाही कळत, दादा."

"तुला बी न्हाई?"

"नाही."

ते बघत राहिले. गाईचं वासरू सुटून अंगणात आलं, तरी कुणी उठलं नाही. आमच्याच घरात एक अख्खी भाषा भरधाव चालली होती आणि आम्ही चार कानवाले तिच्या उंबऱ्याबाहेर बसलो होतो. मुकं कुणी असेल तर त्या वेळी आम्हीच होतो.

काही दिवसांनी आरतीही त्या बोलण्यात यायला लागली आणि मला बाजूला टाइप करून सांगायला लागली. तेव्हा खुलासा झाला. "तुमची आत्या नकला करते," तिनं लिहिलं. "स्वयंपाकीणबाईची, रखवालदाराची, साहेब शाळा बघायला आले त्यांची. मुक्ताबाई म्हणतात, सगळं वसतिगृह हिच्याभोवती जमायचं. आत्ता तुमच्या आईची करतेय. भाकरी फुगली नाही की आई कशी करते ते." मी वळून आईकडं बघितलं आणि मला हसू आवरेना. आईला सांगितल्यावर ती आधी रुसली. मग म्हणाली, "पुन्हा करायला सांग."

दादा रोज त्या वेळेला पायरीवर येऊन बसायला लागले. एकदा मुक्तानं त्यांच्याकडं बोट दाखवून विचारलं, मागं बसलाय तो कोण? मला वाटलं आत्या आता डोक्यावर टोपी ठेवल्यासारखं करील. तिनं तसं केलं नाही. दोन्ही मुठी पुढं धरल्या, सायकलचं हँडल धरल्यासारख्या, आणि वाऱ्यात जोर लावावा तशी मान खाली घालून पुढं वाकली. मुक्ता खुर्चीतून उठलीच. तिनंही तसंच केलं, पुन्हा पुन्हा, आणि दादांकडं बघून हात जोडले.

आरतीचं टाइप केलेलं आलं. "मुक्ताबाई म्हणतात, हा तोच का? सायकलवाला? सगळ्या मुली याला ओळखायच्या. सोनईहून नगरला सायकलवर बहिणीला भेटायला यायचा, शेंगा घेऊन. बाकीच्यांना भेटायला कुणीच यायचं नाही. मग आत्या शेंगा सगळ्यांना वाटायची. त्यांचं वसतिगृहातलं नाव सायकलवाला."

मी ते दादांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "गेल्तो खरा. लई खेपा गेल्तो. घोडेगावच्या पुढं वारं समोरून असायचं, पायडल हलायचं न्हाई." मग आत्याकडं बघत म्हणाले, "तिच्या ध्यानात हाय ह्ये?"

"दादा, तुमचं नावच तेच आहे."

दादा पायरीवरून उठले. मशीनजवळ आले, टोपी काढून फळीवर ठेवली आणि मोबाईलसमोर उभे राहून आपल्या रापलेल्या मुठी पुढं धरल्या. मान खाली घालून पुढं वाकले. आत्यानं त्यांची मनगटं धरून मुठी जरा जवळ आणल्या, अंगठे आत वळवून दिले. आता बरोबर झालं, अशी मान हलवली. माझ्या बापाला त्याचं स्वतःचं नाव उच्चारायला शिकवलं तिनं, म्हातारपणी.

तेव्हापासून आम्ही शिकतोय. आरती रविवारी शिकवते, आम्ही पोरांसारखे ओळीनं बसतो. रविराज सगळ्यात हुशार निघाला. दादांच्या बोटांना कांद्याची सवय, ती वळत नाहीत. पण ते आता आत्याला उद्याच्या पाळीचं पाणी, बाजारभाव, कुणाची सोयरीक, सगळं सांगू बघतात आणि ती त्यांच्या चुका काढते. प्लॅन तीसचाच आहे. म्याच चालू असते, माझं शाळेचं काम लॅपटॉपवर चालू असतं आणि आत्याचे हात कुठं तुटत नाहीत. वस्तीवरही आता तिला मुकी म्हणताना लोक अडखळतात. एक-दोन बायका तर ब्लाउज टाकायला म्हणून येतात आणि बोलणं बघत बसून राहतात.

मागच्या आठवड्यात मुक्तानं त्यांच्या वर्गातल्या सापडल्या तेवढ्या सगळ्यांना एकत्र बोलावलं. मी लॅपटॉप मशीनच्या फळीवर ठेवून दिला. एक चौकट उघडली, दुसरी उघडली, आणि उघडतच गेल्या. कुणी पुण्यातून, कुणी पाथर्डीकडच्या तांड्यावरून, एक बाई थेट दुबईतून. पिकलेले केस, चष्मे, कडेवर नातवंडं. आत्या एकेका चौकटीवर बोट ठेवून नाव घेत होती. एकीलाही विसरली नव्हती. मग सगळ्यांनी हट्ट धरला असावा, कारण ती उठली, पदर खोचला आणि नक्कल सुरू केली. कुणाची ते मला आता थोडं थोडं कळत होतं. त्यांच्या एका जुन्या मास्तरांची, खडू हरवला की खिसे चाचपणाऱ्या.

ती संपली तेव्हा सगळ्या चौकटींमधले हात एकदम वर गेले आणि बोटं पसरून हलायला लागले. बहिऱ्या माणसांच्या टाळ्या अशाच असतात. पडदाभर हात, वाऱ्यातल्या पानांसारखे. घरात आवाज म्हणाल तर फक्त पंख्याचा.

आई भाकरी टाकून बाहेर आली होती. तिनं क्षणभर बघितलं, आणि मग तिचेही पिठानं माखलेले हात वर गेले. बोटं पसरून ती हलवायला लागली. पीठ भुरभुरत तिच्या केसांवर, आत्याच्या खांद्यावर, लॅपटॉपवर पडत होतं, पण कुणी ते पुसायला गेलं नाही.